सीडीचा न उघडणारा ट्रे : पन्नास वर्षांपूर्वीच्या एका नियमाची गोष्ट

१९९६ साली ‘पीसीक्वेस्ट’ या भारतीय मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी वाचकांना दिली. सल्लागार संपादक अतुल चिटणीस यांचा त्यात पुढाकार होता. इंटरनेट महाग आणि मंद असलेल्या त्या काळात देशभरातील अनेक विद्यार्थ्यांची लिनक्सशी पहिली भेट अशा सीडीतूनच झाली. मात्र काम संपवून ड्राइव्हचे बटण दाबावे, तर ट्रे बाहेर येईना! ड्राइव्ह बिघडला, असाच नवख्याचा समज होई. वस्तुतः ड्राइव्ह ठणठणीत असे.

या वर्तनाचे मूळ बेल लॅब्जमध्ये आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या यूनिक्सची पहिली मार्गदर्शिका ३ नोव्हेंबर १९७१ ची. ‘माउंट’ आणि ‘यूमाउंट’ या आज्ञा तिच्यातही आहेत. ‘अनमाउंट’मधला ‘न’ तेव्हा गळला, तो आजतागायत परतलेला नाही. डॉसमध्ये प्रत्येक ड्राइव्हला स्वतंत्र अक्षर असे. यूनिक्समध्ये मात्र सर्व फायलींचा एकच वृक्ष. नवी डिस्क म्हणजे त्या वृक्षावर केलेले कलम. ते काढण्यापूर्वी त्या फांदीवर कोणी बसलेले नाही ना, हे पाहणे ओघानेच आले. म्हणून नियम ठरला : डिस्कवरील एखादी फाइल उघडी असेल, किंवा एखाद्या प्रोग्रामची चालू डिरेक्टरी तेथे असेल, तर यूमाउंटला नकार.

लिहिता येणाऱ्या डिस्कबाबत या सावधगिरीचे कारण उघड आहे. मजकूर आधी स्मृतीत साठतो आणि सवडीने डिस्कवर उतरतो; मध्येच डिस्क काढल्यास तो अर्धवट राहतो. सीडी-रॉमवर तर काही लिहिलेच जात नाही. तरीही वाचणाऱ्या प्रोग्रामच्या पायाखालची जमीन अचानक सरकू नये, म्हणून माउंट होताच लिनक्सचे कर्नल ड्राइव्हला ट्रे कुलूपबंद करण्याची आज्ञा देते. बटण निकामी होते ते यामुळे.

यावर उपायही निघाले. जेफ ट्रँटर यांची ‘इजेक्ट’ ही आज्ञा आधी यूमाउंट करून मग ट्रे उघडते. ‘फ्यूझर’ आणि ‘एलएसओएफ’ डिस्क कोणी अडवून धरली आहे ते सांगतात. पुष्कळदा अपराधी निघते आपलेच टर्मिनल, सीडीच्या डिरेक्टरीत उघडे राहिलेले! २००१ मध्ये लिनक्सला ‘लेझी’ यूमाउंट मिळाले : डिस्क वृक्षावरून तत्काळ दिसेनाशी होते, पण खरी सुटका शेवटचा वापरकर्ता गेल्यावरच. ड्राइव्हच्या दर्शनी भागावरील बारीक छिद्रात टाचणी घालूनही ट्रे उघडतो. मात्र तो अखेरचा मार्ग, कारण त्यात कर्नलला विचारलेलेच नसते.

आज लॅपटॉपमधून सीडी ड्राइव्ह जवळपास हद्दपार झाला आहे. पेन ड्राइव्हच्या ट्रेला कुलूप नाही, कारण त्याला ट्रेच नाही. तो कधीही उपटता येतो. त्यामुळे जी काळजी पूर्वी यंत्र घेत असे, ती आता आपल्यावर आली आहे. मित्रहो, पुढच्या वेळी ‘डिव्हाइस बिझी’ असा संदेश दिसला, तर घाईने पेन ड्राइव्ह ओढू नका. तो कोण वापरत आहे, ते आधी शोधा.

#विज्ञानाचाइतिहास #लिनक्स