तिगावहून समुद्राकडे

तिगाव स्टेशनाच्या फलाटावर उभे राहा. नागपूर–इटारसी मार्गावरची लांबलचक मालगाडी समोरून धडधडत जाते आहे. आसपास कपाशी आणि पांढुर्ण्याची नावाजलेली संत्री. समुद्राचा मागमूस नाही. पांढुर्ण्याच्या जाम नदीचं पाणीसुद्धा शेवटी गोदावरीत मिसळून पार बंगालच्या उपसागरात जातं. बाराही महिने खुल्या राहणाऱ्या बंदरांसाठी जगातल्या बलाढ्य सत्ता एकमेकींच्या उरावर का बसल्या, हे पाहायला इथूनच निघा. कारण त्या भांडणाचा हिशेब तुमच्या शेतापर्यंत येतो.

1664, मालवण

25 नोव्हेंबर. कुरटे बेटावर वारा अंगाला झोंबतो. शिवाजी महाराजांच्या नव्या जलदुर्गाचं काम सुरू होत आहे. काही दिवस इथं थांबलात तर पायाच्या चिऱ्यांत तापलेलं शिसं ओतताना पाहाल. लाटांनी चिरे हलू नयेत म्हणून हा खटाटोप.

तटाच्या जागेवरून नजर फिरवा. उत्तरेला जंजिऱ्याचा सिद्दी, दक्षिणेला गोव्याचे पोर्तुगीज, जवळच वेंगुर्ल्यात डचांची वखार. मुंबई बेट 1661 च्या लग्नाच्या करारानं पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाच्या नावे झालं आहे. पोर्तुगीजांचा परवाना जवळ नसेल तर आपल्याच किनाऱ्यावरचं गलबत ते पकडून नेतात. महाराजांना हे सलतं, म्हणून सिंधुदुर्ग उभा राहतो आहे.

बाराही महिने खुलं बंदर सगळ्यांच्याच नशिबी नसतं. रशियाची अनेक बंदरं हिवाळ्यात गोठतात. आपला समुद्र गोठत नाही, पण आषाढात खवळतो. मग नारळी पौर्णिमेपर्यंत गलबतं खाडीत किंवा किनाऱ्यावर ओढून ठेवावी लागतात. अशा किनाऱ्यावर, भर पावसाळ्यातही मोठ्या जहाजांना आसरा देणारं मुंबईसारखं खोल, आडोशाचं बंदर म्हणजे दौलतच. 1668 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला ते वर्षाला दहा पौंड खंडानं मिळालं. जगाच्या इतिहासात एवढा स्वस्त सौदा क्वचितच झाला असेल.

मराठी राज्यकर्त्यांना हा धोका दिसला होता. 1715 च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्रा’त रामचंद्रपंत अमात्य बजावतात की टोपीकरांना, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांना, वखारीसाठी खाडीकाठी किंवा समुद्रतीरी जागा देऊ नये, द्यायचीच झाली तर आतल्या बाजूला द्यावी. किनाऱ्यावर घट्ट पाय रोवलेला व्यापारी पुढं राज्य मागतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

1864, हिंगणघाट

आता दोनशे वर्षं पुढं, आपल्या मुलखात या. नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा होऊन दहा वर्षं झाली आहेत. रेल्वे नागपूरला पोचायला अजून तीन वर्षं आहेत. धुळीनं माखलेल्या बैलगाड्यांची रांग बाजारात उभी आहे. दलाल बोटांत कापसाचा पुंजका धरून ओढतो, धाग्याची लांबी पाहतो. मग दोन हात रुमालाखाली जातात. बोटं दाबली जातात, बोलत कुणीच नाही. रुमाल बाजूला होतो आणि शेतकऱ्याचा चेहरा उजळतो. एवढा भाव त्यानं जन्मात पाहिलेला नाही.

या भावाचं कारण हजारो कोस दूर आहे. अमेरिकेत 1861 पासून यादवी युद्ध पेटलं आहे. लिंकनच्या आरमारानं दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी केली, तिथला कापूस अडकला आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. आता त्यांना वऱ्हाड-नागपूरचा कापूस हवा आहे आणि तो मुंबई बंदरातून जातो आहे.

पुढच्या वर्षी पुन्हा याच बाजारात या. युद्ध संपलं, तिकडची बंदरं खुली झाली, भाव कोसळला. मुंबईत शेअरचा फुगा फुटला, पेढ्या बुडाल्या. तेजीच्या भरवशावर ज्यानं कर्ज काढलं, तो सावकाराच्या दारात उभा आहे. त्याच्या पेरणीत काही चुकलं नव्हतं. त्यानं न पाहिलेली बंदरं आधी बंद झाली आणि मग उघडली, एवढंच.

1905, नागपूर

जून महिना. वाड्याच्या ओसरीवर ‘केसरी’ मोठ्यानं वाचला जातो आहे. तुम्हीही खांबाला टेकून बसा. जपाननं रशियाचं आरमार बुडवलं आहे आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत चमक आहे. आशियातला देश युरोपच्या महासत्तेला हरवू शकतो!

या युद्धाच्या मुळाशीही बंदरच आहे. रशियाचं व्लादिवोस्तोक हिवाळ्यात गोठतं, म्हणून त्यानं 1898 मध्ये चीनकडून न गोठणारं पोर्ट आर्थर भाडेपट्ट्यानं घेतलं. जपाननं 1904 मध्ये तिथं हल्ला केला आणि 1905 च्या जानेवारीत ते जिंकलं. बाल्टिक समुद्रातून निघालेलं रशियन आरमार निम्म्या पृथ्वीला वळसा घालून आलं. जपानचा मित्र असलेला इंग्रज वाटेतल्या आपल्या बंदरांत त्याला कोळसा भरू देईना. थकलेली जहाजं मे महिन्यात त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत संपली. वाटेत आपलं म्हणावं असं बंदर नसेल तर मोठं आरमारही पांगळं होतं.

आजचा दिवस

आता वर्तमानात, न्हावा-शेव्याच्या धक्क्यावर या. 1989 मध्ये सुरू झालेलं हे बंदर. याच बंदर न्यासानं कांडल्याच्या साथीनं उभारलेल्या भारतीय कंपनीनं डिसेंबर 2018 मध्ये इराणच्या चाबहारमधलं टर्मिनल चालवायला घेतलं आणि मे 2024 मध्ये दहा वर्षांचा करार झाला. पाकिस्तान न ओलांडता अफगाणिस्तान आणि मध्य आशिया गाठायची ही वाट. त्याच किनाऱ्यावर, जवळच, पाकिस्तानच्या ग्वादरमध्ये चीन बसला आहे.

नोव्हेंबर 2023 पासून येमेनच्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. युरोपला जाणारी जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. दहा ते चौदा दिवस वाढले, भाडं चढलं, विमा महागला. निर्यातदार हा वाढीव खर्च स्वतःच्या खिशातून फार दिवस भरत नाही. शेतकऱ्याकडून माल विकत घेतानाच तो वळता करून घेतो.

म्हणून तिगाव, पांढुर्णा, सौंसरच्या मंडळींना कळकळीचं सांगणं आहे. मंडीचा भाव पाहता तशी बंदरांची बातमीही वाचा. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी जहाजभाड्याची चौकशी ठेवावी, शाळांनी मुलांना सुएझ, होर्मुझ, चाबहार नकाशावर दाखवावं. आपली बंदरं कुणाच्या ताब्यात आहेत आणि तिथली वाट कोण अडवू शकतं, हे आपल्या पूर्वजांतल्या मोजक्यांनीच वेळेवर ओळखलं, बाकीच्यांना फार उशिरा कळलं आणि त्याची किंमत त्यांनी राज्य देऊन मोजली. आपण तरी उशीर करू नये.