हटसन कीं राइस ?

निरनिराळ्या काळांतील थोर माणसांची तुलना करूं नये, असें शहाणे लोक सांगत आले आहेत. आणि त्या शहाण्यांसकट सर्वजण ती करीतही आले आहेत. कवींच्या बाबतींत या वादाला निदान एवढी सोय असते कीं, दोघांचेंही काव्य आपल्यापुढें जसेंच्या तसें असतें. खेळाडूचें तसें नाहीं. त्याचा खेळ त्या दिवसाच्या संध्याकाळीं संपतो, आणि मागें राहतात ते आंकडे व म्हाताऱ्या प्रेक्षकांच्या आठवणी. आठवणी वर्षागणिक वाढत जातात म्हणून आपण आंकड्यांवर विश्वास ठेवतों. हा विश्वास कितपत रास्त आहे, हें अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासांतील एका जुन्या वादाच्या निमित्तानें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पायानें खेळतात तो फुटबॉल नव्हे. येथें चेंडू लंबगोल, दोन्ही टोकांना निमुळता. प्रत्येक पक्षाचे अकरा गडी आणि शंभर यार्डांचें मैदान. चेंडू ज्याच्याकडे असेल त्या पक्षानें चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकलें पाहिजे. सरकला तर पुन्हां चार प्रयत्न, नाहीं तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. शेवटची रेषा चेंडूसह ओलांडली म्हणजे टचडाउन. पुढें जाण्याचे मार्ग दोन: चेंडू छातीशीं धरून धांवणें, अथवा पुढें धांवत गेलेल्या आपल्या गड्याकडे तो फेकणें. फेकलेला चेंडू झेलण्यासाठीं रांगेच्या टोकाला जो गडी उभा राहतो, त्याला हल्लीं वाइड रिसीव्हर म्हणतात. पूर्वीं नुसतें एंड, म्हणजे टोकाचा गडी, म्हणत. क्रिकेटमध्यें झेल घेतला कीं तेवढ्यापुरता खेळ संपतो. येथें झेलानंतरच खरी धांव सुरू होते, आणि झेल घेतांना दोघे-तिघे आडदांड गडी आपल्या अंगावर कोसळणार आहेत हें घेणाराला पक्कें ठाऊक असतें.

आरंभीं चेंडू पुढें फेकण्याला परवानगीच नव्हती. दोन्ही पक्ष एकमेकांना भिडून रेटारेटी करीत, आणि त्या रेटारेटींत माणसें जायबंदी होत, मरतही. १९०५ च्या हंगामांत मैदानावर कित्येक तरुणांचे बळी गेले; त्याच हंगामांत अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्यें बोलावून खेळ सुधारण्यास सांगितलें. पुढच्याच वर्षीं चेंडू पुढें फेकण्याची मुभा मिळाली. परंतु देणाऱ्यांचा हात इतका आखडता होता कीं, फेकलेला चेंडू कोणाच्याही हाताला न लागतां जमिनीवर पडला तर तो प्रतिपक्षाला मिळे. १९१३ सालीं नोटर डेमच्या संघानें, गस डोरे यानें फेकावें आणि नूट रॉकनी यानें झेलावें अशा रीतीनें, वेस्ट पॉइंटच्या लष्करी संघाचा ३५–१३ असा पराभव केला, तेव्हां या युक्तीचें तेज लोकांच्या डोळ्यांत भरलें. तरीही धंदेवाईक खेळाडूंची जी लीग १९२० सालीं निघाली, तिच्या सामन्यांत फेक हा बराच काळ निरुपायाचाच उपाय होता. १९३३ सालीं फेकीवरील एक महत्त्वाचें बंधन सैल झालें. नंतर दोन वर्षांनीं डॉन हटसन या लीगमध्यें आला.

हटसन हा आर्कान्सास संस्थानांतील पाइन ब्लफचा. जन्म १९१३ चा. अलाबामा विद्यापीठाकडून १९३५ च्या रोझ बोल सामन्यांत त्यानें स्टॅनफर्डविरुद्ध दोन टचडाउन केले आणि दोन धंदेवाईक संघ त्याच्या मागें लागले. या सद्गृहस्थानें दोघांच्याही करारावर सही करून दिली! लीगचे अध्यक्ष जो कार यांनीं ज्या पाकिटावर टपालाचा शिक्का आधींचा असेल तो करार खरा, असा निवाडा केला, आणि ग्रीन बे गांवाच्या पॅकर्स संघाचें पाकीट कांहीं मिनिटांनीं आधींचें निघालें. ब्रुकलिनचें पाकीट आधींचें निघतें तर या खेळाचा इतिहास निराळा झाला असता, असें मानण्यास जागा आहे; कारण ग्रीन बेचे प्रशिक्षक कर्ली लॅम्बो यांना चेंडू फेकण्याचा नाद होता आणि आर्नी हर्बरसारखा लांब फेकणारा त्यांच्यापाशीं होता. शिकागो बेअर्सविरुद्धच्या सामन्यांत पहिल्याच डावाला हर्बरनें फेकलेला चेंडू घेऊन हटसननें ८३ यार्डांचा टचडाउन केला. सामना ७–० असा संपला; म्हणजे त्या एका झेलावरच जिंकला गेला.

त्याचें खरें कर्तृत्व वेगांत नव्हतें. त्यापूर्वीं टोकाचा गडी मोकळी जागा दिसेल तिकडे धांवे आणि देवाच्या भरंवशावर चेंडूची वाट पाही. हटसन आणि त्याचे फेकणारे यांनीं वाटा आधींच ठरविल्या: इतकीं पावलें सरळ, मग एकाएकी बाहेर, किंवा थांबल्याचें सोंग, मग पुन्हां झेप. पाठलाग करणाराला जें कळण्यास अर्धा क्षण उशीर लागे, तें फेकणाराला आधींच ठाऊक असे. आज शाळकरी मुलें ज्या वळणांचा सराव करतात, त्यांतील कित्येकांचें जनकत्व हटसनकडे जातें. प्रतिपक्षांनीं त्याच्या एकट्यावर दोन-दोन, तीन-तीन माणसें नेमण्यास सुरुवात केली.

आतां आंकडे. १९४२ सालीं हटसननें ११ सामन्यांत ७४ झेल घेतले, १,२११ यार्ड मिळविले, १७ टचडाउन केले. त्याच वर्षीं झेलांमध्यें दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या गड्याचे झेल होते २७. आणि यार्डांमध्यें दुसरा जो होता त्याचे यार्ड ५७१. पहिला आणि दुसरा यांच्यामध्यें असलें अंतर कोणत्याही खेळांत क्वचितच सांपडेल. १९४५ अखेर तो निवृत्त झाला तेव्हां त्याच्या नांवावर ४८८ झेल व ९९ टचडाउन होते. त्या ९९ चा विक्रम सिॲटलच्या स्टीव्ह लार्जंटनें मोडला तो १९८९ सालीं.

तेव्हां वाद येथेंच मिटावा. पण १,२११ हा आंकडा याच इतिहासांत पुन्हां एकदां येतो. २००२ सालीं ओकलंड रेडर्स संघाच्या जेरी राइसनें ९२ झेल घेतले आणि नेमके १,२११ यार्डच मिळविले. त्या हंगामाच्या मध्यावर त्यानें चाळिशी पुरी केली. हटसनचे १,२११ हे त्याच्या ऐन उमेदीचे; राइसचे, ज्या वयांत इतर गडी गुडघ्यांना तेल लावीत बसतात त्या वयाचे. उलट हटसनला सामने ११ मिळाले, राइसला १६. आणि हटसन त्या वर्षीं सर्वांच्या कोसभर पुढें होता, तर २००२ सालीं इंडियानापोलिसच्या मार्व्हिन हॅरिसननें १,७२२ यार्ड मिळवून राइसला बरेंच मागें टाकलें होतें. आंकडा एकच, पण त्याचा अर्थ एक नव्हे.

मधल्या साठ वर्षांत खेळच बदलला होता. त्यांतील सर्वांत मोठा बदल १९७८ चा. त्यापूर्वीं झेल घेण्यास निघालेल्या गड्याला मैदानभर धक्के देत, अडवीत नेण्याची बचाव करणाऱ्यांस मोकळीक होती. त्या वर्षीं ती पहिल्या पांच यार्डांपुरती उरली. त्याच वर्षीं हंगामाचे सामने १४ चे १६ झाले. जे या बदलापूर्वीं खेळून गेले त्यांच्यावर आंकड्यांनीं अन्यायच केला आहे. बाल्टिमोरच्या रेमंड बेरीचें नांव आमच्या मनांत यांत प्रथम येतें. दृष्टि अधू, एक पाय दुसऱ्याहून किंचित् आंखूड, आणि वेगही बेताचाच! सराव संपल्यावर सारे घरीं जात, तेव्हां बेरी आणि फेकणारा जॉन युनायटस असे दोघेच मैदानावर राहत. १९५८ च्या अंतिम सामन्यांत न्यूयॉर्कविरुद्ध त्यानें १२ झेल घेतले, तेव्हां त्या संध्याकाळचीं फळें लोकांना दिसलीं. त्याचे ६३१ झेल आजच्या यादींत कोठेंतरी खालीं पडले आहेत. आम्हीं ती यादी वाचतांना त्याच्या नांवापाशीं थांबतों, एवढेंच.

राइस मात्र नियम बदलल्यानंतर, १९८५ सालीं आला, म्हणून त्याचें सारें श्रेय नियमांना द्यावें काय? तसें म्हणणारे एक गोष्ट विसरतात. तो नियम राइसच्या सर्व समकालीनांनाही लागू होता. राइसचे एकूण यार्ड २२,८९५. यादींत दुसरा असलेल्या लॅरी फिट्झजेराल्डचे १७,४९२. फिट्झजेराल्ड कांहीं लेचापेचा नव्हे. तो सतरा हंगाम खेळला. १९८७ सालीं संपामुळें राइसला बाराच सामने खेळतां आले. त्यांत त्यानें २२ टचडाउन झेलले. त्या वर्षीं दुसरा जो होता त्याचे ११. म्हणजे दुपटीचें अंतर हें केवळ हटसनच्या वांट्याला आलेलें नाहीं.

मिसिसिपींतील एका गवंड्याचा हा मुलगा. उन्हाळ्यांत बापाच्या हाताखालीं काम करी, भाऊ खालून विटा फेकीत आणि हा वर त्या झेली. पहिल्या वर्षीं सॅन फ्रान्सिस्कोंत त्याच्या हातून इतके झेल सुटले कीं प्रेक्षकांनीं त्याची हुर्यो केली. पुढें त्यानें स्वतःला जी शिस्त लावली ती तालमींतल्या पहिलवानाला शोभेल. रोज एक चढण धांवत चढावयाची. आणि सरावांत घेतलेला प्रत्येक झेल, मग तो पांच यार्डांचा कां असेना, शेवटच्या रेषेपर्यंत धांवत न्यावयाचा. वीस हंगाम त्यानें हें केलें.

तिसरा मानकरी रँडी मॉस. त्याच्याविषयीं थोडक्यांत लिहितों. पण थोडक्यांत लिहिलें म्हणजे तो थोडा ठरत नाहीं. उंच, आणि उंचीला न शोभणारा वेग असलेला. १९९८ सालीं मिनेसोटाकडून आपल्या पहिल्याच हंगामांत त्यानें १७ टचडाउन केले, तेव्हां पुढच्या वर्षीं नवे गडी निवडतांना ग्रीन बेनें पहिल्या तीनही फेऱ्यांत बचावाचेच गडी घेतले. हटसनच्याच संघाला दुसऱ्या एका झेल घेणाराचा हा असा धाक बसावा, यांत नियतीची थोडी थट्टा दिसते. २००७ सालीं न्यू इंग्लंडकडून त्यानें २३ टचडाउन करून राइसचा हंगामाचा विक्रम मोडला. मात्र १६ सामन्यांत. २०१३ सालीं मॉसनें आपणच या खेळांतील सर्वश्रेष्ठ झेल घेणारे आहों असें जाहीर केलें आणि आंकड्यांना आपण किंमत देत नाहीं असेंही सांगितलें. राइसनें आपले आंकडे पुढें केले. दोघांचेंही खरें होतें. मॉसच्या मागें धांवलेल्या दोन गड्यांमुळें दुसरीकडे जो सहकारी मोकळा सुटला, त्याचा झेल मॉसच्या खात्यांत कोणींच लिहिला नाहीं.

तथापि धाक हा मोजतां येत नाहीं, आणि मॉस कित्येक वर्षें मनापासून खेळला नाहीं असें त्याचे चाहतेही कबूल करतात. म्हणून प्रश्न पुन्हां हटसन कीं राइस येथेंच येऊन ठेपतो. "समकालीनांपासूनचें अंतर" हें जर माप धरलें, तर अमेरिकेंतील पुष्कळ जाणते हटसनच्या बाजूनें कौल देतात, आणि आम्हींही पुष्कळ दिवस तोच देत आलों. पण समकालीन म्हणजे कोण? युद्धकाळांत कित्येक खेळाडू सैन्यांत गेले होते. १९४३ सालीं फिलाडेल्फिया व पिट्सबर्ग यांनीं मिळून एकच संघ उभा केला, हें सर्वज्ञात आहे. युद्ध हा दैवाचा भाग. दुसरी गोष्ट दैवाची नव्हती. १९३४ पासून १९४५ पर्यंत या लीगमध्यें एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. तसा लेखी नियम कोठेंच नव्हता. मालकांनीं तो न लिहितां पाळला. हटसनची सारी कारकीर्द, १९३५ ते १९४५, या बारा वर्षांच्या आंत बसते. तो ज्या विद्यापीठांत शिकला तेथेंही कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश नव्हता. आणि मिसिसिपींतील ज्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांतून राइस पुढें आला, तें कॉलेज त्या काळीं अस्तित्वांतच नव्हतें. यांत हटसनचा व्यक्तिशः दोष नाहीं. जो सामना त्याच्यापुढें आला तो तो जिंकला. परंतु दुसऱ्या क्रमांकाचा गडी २७ झेलांवर होता असें सांगतांना, दुसऱ्या क्रमांकाचा खरा गडी मैदानावर होता कीं दाराबाहेर, हें सांगण्याची सोय आंकड्यांत नाहीं. राइसनें जें अंतर कमावलें तें दार उघडल्यानंतरचें आहे. वाटा शोधून काढण्याचा मान हटसनचा. तो कोणी हिरावूं शकत नाहीं. पण पहिलें स्थान कोणाचें असें विचारलें, तर आतां आम्हीं राइसचें नांव घेतों.

हटसननें बूट उतरवले त्याच्या दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९४६ सालीं, तें दार उघडलें. रॅम्स संघ क्लीव्हलँडहून लॉस एंजेलिसला आला होता आणि त्याला तेथील सार्वजनिक मैदान हवें होतें. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांनीं, सर्वांच्या पैशानें बांधलेलें मैदान कांहींजणांनाच कां, असा प्रश्न लावून धरला, आणि रॅम्सनें केनी वॉशिंग्टन व वुडी स्ट्रोड या दोघांना घेतलें. यांपैकीं स्ट्रोड हा हटसनप्रमाणेंच टोकाचा गडी. १९३९ सालीं तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेकडून, जॅकी रॉबिन्सनच्या बरोबर, खेळत होता. वयानें तो हटसनहून अवघा दीड वर्षानें लहान. लीगमध्यें त्याला पहिला सामना मिळाला तेव्हां त्याला बत्तीस वर्षें पुरीं झालीं होतीं. तो तेथें एकच हंगाम राहिला, आणि त्याच्या नांवावर चार झेल आहेत.