सियाचिन : बर्फावरच्या खुणा आणि कागदावरची रेषा

१/
विश्रांतवाडीच्या चौकातून दिघीकडे जाणारे लष्करी ट्रक आम्हाला नित्य दिसतात. ट्रकमधील जवानाची पुढची नेमणूक कुठे असेल, हे आपल्याला ठाऊक नसते. अशा नेमणुकांपैकी सर्वांत उंच रणभूमी म्हणजे सियाचिन. तिथे सैन्यापूर्वी गिर्यारोहक आणि स्कीपटू पोहोचले होते. हा धागा त्यांच्याविषयी.

२/
२७ जुलै १९४९ च्या कराची करारात युद्धबंदी रेषा एका बिंदूपाशी थांबली. त्यापुढे ती ‘उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत’ जाईल, एवढाच मोघम उल्लेख होता. १९७२ ची ताबारेषाही त्याच बिंदूपर्यंत, म्हणजे एनजे ९८४२ पर्यंत, आखली गेली. सुमारे ७६ किलोमीटर लांबीची सियाचिन हिमनदी या मोघमपणात राहून गेली. त्या ओसाड बर्फावर कोण हक्क सांगणार, असा तेव्हाचा समज होता.

३/
पण तिथे माणसे जाऊ लागली. १९७० च्या दशकात पाकिस्तानने परदेशी मोहिमांना या भागातील शिखरांचे परवाने दिले. १९७५ मध्ये जपानी पथकाने पश्चिमेकडून येऊन तेराम कांगरी शिखर सर केले. परवाना मागणे म्हणजे परवाना देणाऱ्याचा अधिकार मान्य करणे. गिर्यारोहकाच्या मनात तसे नसले, तरी कागदाचा अर्थ तोच होतो.

४/
हिमनदीवर स्की का वापरतात? पायी चालणाऱ्याचा सगळा भार पावलावर येतो आणि भेगेवरचा बर्फाचा नाजूक पूल खचू शकतो. लांब स्कीवर तोच भार विभागला जातो. चढताना स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवतात. केसांचा कल मागे असल्याने स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. उतारावर पट्टी काढून ठेवायची.

५/
याच साधनाने १९८० मध्ये चार अमेरिकनांनी विलक्षण प्रवास केला. छायाचित्रकार गॅलन रॉवेल, ऑलिंपिक स्कीपटू नेड जिलेट, किम श्मिट्झ आणि डॅन असाय हे ते चौघे. बिलाफोंड ला खिंडीतून ते सियाचिनवर उतरले. पुढे बाल्तोरो, बियाफो, हिस्पर या हिमनद्या पार करत सुमारे सहा आठवड्यांत २८५ मैल चालले. परवानगी अर्थातच पाकिस्तानची.

६/
भारताकडेही स्कीची परंपरा होती. १९४८ मध्ये गुलमर्गला लष्कराची स्की शाळा सुरू झाली. तीच पुढे हाय ऑल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झाली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिचे प्रमुख होते कर्नल नरेंद्र कुमार. हिमदंशाने १९६१ मध्येच त्यांनी पायाची चार बोटे गमावली होती.

७/
१९७७ मध्ये एका जर्मन साहसवीराने कुमार यांना अमेरिकी नकाशा दाखवला. त्यात एनजे ९८४२ पासून थेट काराकोरम खिंडीपर्यंत रेषा ओढलेली होती आणि सियाचिन पाकिस्तानात होते. १९७८ मध्ये कुमार मोहीम घेऊन तिथे गेले. आधीच्या मोहिमांचे डबे आणि वेष्टने तिथे सापडल्याचे त्यांनी पुढे सांगितले. १९८१ मध्ये ते पुन्हा गेले आणि हिमनदीच्या माथ्यावरील इंदिरा कोलपर्यंत पोहोचले.

(हे नाव इंदिरा गांधींचे नव्हे. १९१२ मध्ये फॅनी बुलक वर्कमन या अमेरिकन महिलेने लक्ष्मीच्या नावावरून ते ठेवले.)

८/
१३ एप्रिल १९८४. ऑपरेशन मेघदूत. भारतीय तुकडी हेलिकॉप्टरने बिलाफोंड ला येथे उतरली. चार वर्षांपूर्वी स्कीपटू ज्या खिंडीतून मौजेने गेले होते, तिथे कायमचा पहारा बसला.

९/
२००३ पासून तिथे युद्धबंदी आहे, पण मृत्यू थांबलेले नाहीत. सियाचिनवरील बहुतेक बळी गोळीचे नसून थंडी, उंची आणि हिमप्रपाताचे आहेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये सोनम ठाण्यावर हिमकडा कोसळून दहा जवान गेले. त्यांतील एक सातारा जिल्ह्यातला होता.

१०/
इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आपण सनदा आणि तह वाचतो. त्याच काळजीने सहलीचा परवाना, नकाशातली तुटक रेषा आणि रिकामा डबाही वाचायला हवा. स्कीची खूण पुढच्या हिमवर्षावात बुजते. परवान्याचा कागद मात्र दप्तरात राहतो, आणि त्याची किंमत ज्यांना मोजावी लागली, त्यांची सही त्यावर नव्हती.