छायाचित्राची कागदाजोगी काटछाट

डिजिटल छायाचित्राच्या लांबी-रुंदीचे गुणोत्तर आणि ज्या कागदावर ते छापावयाचे त्याचे गुणोत्तर यांचा मेळ बसत नाही, तेव्हा चित्राच्या कडेचा जो भाग वगळणे प्राप्त होते, तो वगळण्याच्या क्रियेस ही संज्ञा असून फोटो-स्टुडिओच्या नित्याच्या बोलीत तिला ‘क्रॉप करणे’ म्हणतात.

ही विसंगती उपजते ती मापांच्या भिन्न कुळांमुळे. जर्मनीतील लायट्झ कारखान्यात ऑस्कर बार्नाक याने चलच्चित्राची ३५ मिलिमीटर फीत आडवी चालवून जो लहान कॅमेरा सिद्ध केला आणि जो १९२५ साली ‘लायका’ या नावाने बाजारात आला, त्याच्या ३६×२४ मिलिमीटर चौकटीमुळे ३:२ हे गुणोत्तर रूढ झाले, व पुढे डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यांकडे ते वारशाने आले. मोबाइलच्या कॅमेऱ्याचे गुणोत्तर मात्र सामान्यतः ४:३ असते, आणि ८×१० इंच हे कागदाचे माप तर लायकाहूनही जुन्या, मोठ्या काचपट्टीच्या कॅमेऱ्यांच्या अमदानीतले आहे.

३:२ चे चित्र ४×६ इंचांच्या कागदावर तंतोतंत बसते. तेच ८×१० वर घ्यावयाचे झाल्यास ८ इंच उंचीला त्याची लांबी १२ इंच होते, आणि त्यांतील २ इंच, म्हणजे सहावा हिस्सा, सोडून द्यावा लागतो. लग्नाच्या समूहचित्रात चौकट काठोकाठ भरून बारा माणसे एका ओळीत उभी असतील, तर हा सहावा हिस्सा म्हणजे दोन्ही टोकांचे एकेक माणूस होय. आणि टोकाला बहुधा ऐन वेळी हाक मारून आणलेली आत्या किंवा मागे मागे राहणारा भाचा उभा असतो. छपाईयंत्रावर सारी मुखत्यारी सोपविली, तर ते सामान्यतः मध्य धरून दोन्हीकडून सारखेच कापते. यास्तव कापाची रेषा चित्रातील माणसे ओळखणाऱ्यानेच आखावी, आणि एकही माणूस सोडण्याजोगा नसेल तेथे पांढरी किनार पत्करून चित्र अखंड छापावे, हेच न्याय्य होय. चित्र ताणून कागदाएवढे करणे सर्वथा वर्ज्य, कारण त्यायोगे चेहरे बेडौल होतात आणि कपाळावरचे वाटोळे कुंकू लंबगोल होते.

व्यक्तिचित्रात मनगट वा घोटा यांच्या सांध्यावर काप येऊ देऊ नये. इंचास ३०० बिंदू धरल्यास ४×६ साठी १२००×१८०० आणि ८×१० साठी २४००×३००० बिंदू काटछाटीनंतर उरले पाहिजेत. किनारविरहित छपाईत यंत्र चित्र किंचित वाढवून घेते व कडा आणखी थोडी जाते, म्हणून कडेलगत कोणाचा हात वा पदर येत असल्यास तेवढी जागा आधीच राखावी. हे सर्व काम नकलेवर करून मूळ फाइल अबाधित ठेवावी. ८×१० साठी कापलेल्या प्रतीवरूनच पुढे कोणी ८×१२ मागितल्यास, टोकाची ती दोन माणसे तिच्यात सापडत नाहीत.