सूक्ष्मतरंग मंडलांतील फेराइट घटक
लोह ऑक्साइडयुक्त, चुंबकीय पण विद्युत् निरोधक सिरॅमिकचे घटक. स्थिर चुंबकीय क्षेत्रात फेराइटमधील इलेक्ट्रॉनांचे परांचन दर ओर्स्टेडला सुमारे २.८ मेगाहर्ट्झ वारंवारतेने होते. त्यामुळे उजव्या व डाव्या वर्तुळी ध्रुवणाच्या तरंगांना निराळा प्रतिसाद मिळतो. यातूनच सर्क्युलेटर (शक्ती एकाच दिशेने पुढच्या मुखाकडे नेणारा) आणि आयसोलेटर (परतणारी शक्ती अडवणारा) साधतात. अल्प ऊर्जाऱ्हासामुळे यिट्रियम-लोह गार्नेट (शोध १९५६) विशेष मोलाचे. सूक्ष्मपट्टी मंडलातील सर्क्युलेटरसाठी फेराइटची चकती आधारपट्टात बसवतात, तिच्यावर तीन फाट्यांचा धातुपट्टा व जवळ कायम चुंबक. गार्नेटला लागणारे उच्च तापमान आणि चुंबकाने अडवलेली जागा, यांमुळे अर्धवाहक चिपवर हा घटक घडवणे फार अवघड. चिपबाहेरच्या वापराचे एक उदाहरण: पनवेल तालुक्यात खारघरला केंद्र असलेली ‘समीर’ ही सूक्ष्मतरंग संशोधन संस्था (स्थापना १९८४) कर्करोगोपचारासाठी रेषीय त्वरक विकसित करते. अशा त्वरकांत मॅग्नेट्रॉनला परावर्तित शक्तीपासून वाचवतो तो तरंगमार्गी फेराइट सर्क्युलेटरच.