कापरेकर, दत्तात्रेय रामचंद्र

(१७ जानेवारी १९०५ – १९८६). भारतीय गणितज्ञ. संख्यांच्या अंकरचनेतून उद्‌भवणाऱ्या गुणधर्मांविषयीच्या संशोधनाबद्दल प्रसिद्ध. जन्म डहाणू (जि. पालघर, पूर्वीचा ठाणे) येथे. शालेय शिक्षण ठाणे येथे व महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते नासिकजवळील देवळाली येथे शालेय शिक्षक होते.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध ६१७४ या स्थिरांकाचा असून तो त्यांनी १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिच्या अंकांपासून होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान संख्या वजा करावी व बाकीवर हीच क्रिया पुनःपुन्हा करावी. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ ही संख्या येते व पुढे ती बदलत नाही. उदा., १९०५ पासून ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ व ६१७४ या संख्या क्रमाने मिळतात.

४५ चा वर्ग २०२५ असून २० + २५ = ४५; अशा संख्यांना ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद संख्या’ हे नाव दिले. १५ मध्ये तिच्या अंकांची बेरीज मिळविल्यास २१ येते. परंतु २० ही संख्या या रीतीने कोणत्याही संख्येपासून मिळत नाही. अशा ‘स्वयंभू’ किंवा ‘देवळाली’ संख्यांवर त्यांनी १९६३ मध्ये स्वखर्चाने पुस्तिका प्रसिद्ध केली.

हे गुणधर्म बहुतांशी दशमान लेखनपद्धतीवर अवलंबून असतात. आधारांक बदलल्यास ६१७४ चे वैशिष्ट्य उरत नाही. त्यामुळे अनेक भारतीय गणितज्ञांनी हे संशोधन केवळ मनोरंजनात्मक मानले. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मधील आपल्या सदरात त्यांच्या कार्याचा परिचय करून दिला व त्यांची कीर्ती जगभर पसरली. विद्यापीठीय पद वा संशोधनसंस्थेचा आधार नसताना त्यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नांवर पुढे इतर आधारांकांच्या पद्धतींतही अभ्यास झाला, हेच त्यांच्या कार्याचे महत्त्व होय.