हातकडीतला उमेदवार

दानापूर छावणीतून पाटण्याच्या गांधी मैदानावर तासाभरात पोचता येतं. इथे पोस्टिंग झाल्यावर बिहारचा १९७४ ते १९८० हा काळ जरा नीट वाचून काढला. रस्त्यावर दंगा झाला की मतदार आपोआप ‘कायदा आणि सुव्यवस्था’ म्हणणाऱ्याच्या मागे जातो, असं आपण सहज बोलून जातो. बिहारच्या मतदाराने याच शब्दांना तीन वर्षांच्या आत दोन वेगळी उत्तरं दिली.

१८ मार्च १९७४ रोजी महागाई आणि भ्रष्टाचाराविरुद्ध विद्यार्थ्यांनी पाटण्यात विधानसभेला घेराव घातला. गोळीबार झाला, माणसं मेली. त्याच दिवशी शहरात जाळपोळही झाली. ‘सर्चलाइट’ या दैनिकाचं कार्यालय पेटवलं गेलं. आंदोलनाला गुंडगिरी म्हणायला सरकारला आयतं कारण मिळालं. जयप्रकाश नारायण तेव्हा ७१ वर्षांचे होते. आंदोलन अहिंसक राहील, या अटीवरच त्यांनी नेतृत्व घेतलं. ८ एप्रिलला पाटण्यात मोर्चा निघाला तो मूक, तोंडाला फडकी बांधून. ४ नोव्हेंबरला पाटण्यातच पोलिसांनी लाठीमार केला, तेव्हा जेपींवरचा वार नानाजी देशमुखांनी अंगावर घेतला. आता जाळपोळीच्या जागी लोकांना एका म्हाताऱ्या माणसावर उगारलेली लाठी दिसत होती. आठ महिन्यांत चित्र उलटं झालं होतं.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. त्याच संध्याकाळी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जेपींनी पोलीस आणि सैन्याला बेकायदा हुकूम न पाळण्याचं आवाहन केलं होतं. सरकारने आपल्या समर्थनात ते वारंवार पुढे केलं. गणवेशातला माणूस म्हणून मला हा भाग अवघड वाटतो. आमच्या आर्मी अॅक्टमध्येही शिक्षा आहे ती कायदेशीर हुकूम मोडल्याबद्दल. तरीही कोणता हुकूम कायदेशीर, हे राजकीय व्यासपीठावरून ठरू लागलं तर जवानाने कुणाकडे बघायचं?

पुढचे एकोणीस-वीस महिने प्रचार एकच होता : गाड्या वेळेवर धावतात, संप नाहीत, शिस्त आली. बरंचसं खरंही होतं. पण ती शिस्त हळूहळू लोकांच्या घरात शिरली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि उत्तर भारतात त्यासाठी जबरदस्ती झाली. मोर्चाची भीती चौकापुरती असते. ही भीती दारापर्यंत आली होती.

मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली तेव्हा मुझफ्फरपूरमधून जॉर्ज फर्नांडिस उभे होते. मुंबईकरांना ते १९६७ मध्ये स. का. पाटलांना हरवणारे म्हणून ठाऊक. १९७४ चा रेल्वे संप त्यांनीच घडवला होता आणि आता बडोदा डायनामाइट खटल्यात ते तिहारमध्ये होते. सरकारच्या मते याहून मोठा सुव्यवस्थेचा शत्रू सापडला नसता. प्रचाराला ते येऊ शकले नाहीत. हातकडीतला हात उंचावलेला त्यांचा फोटो मात्र गावोगाव फिरला. ते तीन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. बिहारच्या ५४ पैकी एकही जागा काँग्रेसला मिळाली नाही. डायनामाइटचा आरोप लोकांनी ऐकला नव्हता असं नाही. आरोप करणाऱ्यावरच त्यांचा विश्वास उरला नव्हता. पुढे आमच्या पिढीच्या अधिकाऱ्यांनी याच माणसाला संरक्षणमंत्री म्हणून पुन्हापुन्हा सियाचिनला येताना पाहिलं.

गोष्ट इथे थांबली असती तर ‘जनता हुकूमशाहीला धडा शिकवते’ एवढं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण मे १९७७ मध्ये पाटणा जिल्ह्यातल्या बेलछी गावात ११ जणांची हत्या झाली, त्यातले बहुतेक दलित. ऑगस्टमध्ये इंदिरा गांधी चिखलपाण्यातून हत्तीवर बसून तिथे पोचल्या. दिल्लीत जनता पक्षाचे नेते एकमेकांशी भांडत होते आणि महागाई वाढत होती. १९८० च्या प्रचारात इंदिराजींनी काम करणारं सरकार आणि सुव्यवस्था हेच मागितलं. या वेळी लोकांनी ते मान्य केलं. काँग्रेस देशभरात १५४ वरून ३५३ जागांवर गेली आणि बिहारमध्येही निम्म्याहून जास्त जागा तिने जिंकल्या. मुझफ्फरपूरने मात्र जॉर्जना पुन्हा निवडलं.

नेत्या त्याच होत्या आणि मुद्दाही तोच. फरक एवढाच की १९७७ मध्ये लोकांना ज्याचं भय वाटत होतं ते सरकार त्यांचं स्वतःचं होतं. १९८० मध्ये त्या सत्तेबाहेर होत्या आणि गोंधळाचा हिशोब दुसऱ्यांना द्यायचा होता. अशांतता कुणामुळे आली हे मतदार आधी ठरवतो, शांततेचं आश्वासन मग ऐकतो.

मुलकी प्रशासनाच्या मदतीला सैन्य जातं तेव्हा आमचं काम रस्ता मोकळा करून बराकीत परतणं इतकंच असतं. तो रस्ता कुणामुळे बंद झाला, याचा निकाल आम्ही देऊ शकत नाही आणि देऊही नये. त्यासाठी मतपेटी आहे. ती उघडी राहिली म्हणूनच बिहारला तीन वर्षांत आपलं उत्तर बदलता आलं.